घरटी एक सकाळ

कोमट पाण्यात लिंबू. सूर्यनमस्कार. डोळे मिटून ध्यान. आतल्या खोलीत घोरणं.

घोरणं तेवढं सुधन्वा पेठ्यांचं. बाकीचं रोज त्यांची बायको हेमलता करायची आणि तिच्या मनगटावरच्या पट्टीतून तो ताजेपणा थेट त्यांच्या अंगात उतरायचा. अख्ख्या कॉलनीत आता घरटी एकच माणूस पहाटे उठत असे.

आज सुधन्वांची मुख्याध्यापकपदासाठी मुलाखत होती. उठून बघतात तर हेमलता भजी खात फोनवर जावेशी तावातावाने भांडत होती.

"अगं, हे सगळं माझ्यात उतरेल!"

"उतरू दे. एक दिवस सोसा."

मुलाखतीला त्यांना पाऊण तास ताटकळत ठेवलं. मग संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, "शिस्तीबद्दल तुमचं मत?"

"आधी तुम्ही वेळेवर येत चला!" सुधन्वा कडाडले. जन्मात पहिल्यांदाच.

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग अध्यक्ष हसले. "असाच माणूस हवा होता."

घरी येऊन सुधन्वांनी बायकोचे हात धरले. "तुझ्या भांडणामुळे झालो गं मुख्याध्यापक. आता रोज भांडत जा."

"भांडेन की," हेमलता म्हणाली. "सूर्यनमस्कार तुम्ही घाला."

तिने आपली पट्टी आदल्या रात्रीच काढून चार्जिंगला लावली होती.