संस्थेची प्रतिनिधी

"चष्मा काढायचा नाही आणि कुणी काही दाखवलं तरी बघायचं नाही," इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकाशी गाडी थांबवत साहेब म्हणाले. "बाकी तुम्ही हुशार आहात."

टायपिस्टबाईंनी काळा चष्मा नाकावर बसवला. साहेबांच्या सेवाभावी संस्थेची पत्रं बडवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, पण आंधळं होण्याचं काम आज पहिल्यांदाच अंगावर आलं होतं. इथल्या एका वर्गाने अंधांसाठी कमरेचा पट्टा बनवला होता आणि चाचणीसाठी संस्थेचा प्रतिनिधी मागवला होता. फोनवर समोरच्याचं पुरतं ऐकून घेणं साहेबांच्या स्वभावात नव्हतं. पट्टा अंधांचा, तेव्हा प्रतिनिधी अंध, असा त्यांनी सरळ हिशोब लावला. एरवी संस्थेतल्या अंध आजी अशा वेळी कामी यायच्या. त्या नेमक्या लेकीकडे राहायला गेलेल्या.

"पकडले गेले तर, साहेब?"

"अहो, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं येत नाही. या कॉलेजची देणगी हातची गेली तर संस्थेला टाळं. मग तुम्ही कुठं आणि मी कुठं!"

बाईंच्या दोन मुली शाळेत होत्या आणि घरात मिळवतं माणूस त्या एकट्याच. त्या मुकाट्याने उतरल्या आणि हवेत हात चाचपडू लागल्या.

शिपायाने दंडाला धरून त्यांना वरच्या मजल्यावर आणलं. "मी दारापर्यंतच हां, ताई. आत मला मज्जाव आहे. मी म्हणे खुर्च्या हलवतो! शिपायाने खुर्च्या नाही हलवायच्या तर काय डोंगर हलवायचे? जाऊ दे, खालची यंत्रं वर चढवायचीत मला."

तो गेला आणि बाई आत शिरल्या.

बाहेर आभाळ भरलेलं असूनही खोलीत एकही दिवा लावलेला नव्हता. भिंती कोऱ्या होत्या. एक मुलगा कानात वायर घालून, पडदा बंद असलेल्या कॉम्प्युटरवर भराभर टाईप करत होता. बाकीची मुलं बाकांवर गप्प बसली होती. सगळ्यांची तोंडं दाराकडे होती, पण बाईंकडे कुणीच बघत नव्हतं. आंधळ्या माणसाकडे टक लावून बघू नये, असं शिकवलं असणार.

"या, या. मी या मुलांची प्राध्यापिका." एका उंच बाईंनी हात पुढे केला. तो हात टायपिस्टबाईंच्या जरा डावीकडे, हवेतच थांबला. दिसत असूनही तो धरायची सोय नव्हती. प्राध्यापिका खिडकीकडे तोंड करून हसत राहिल्या आणि हात काही मागे घेईनात. परीक्षा घेताहेत, बाईंनी ओळखलं. दोनदा मुद्दाम चुकून तिसऱ्यांदा त्यांनी तो पकडला.

एका सडपातळ मुलीने त्यांच्या कमरेला पट्टा बांधला. तिची बोटं सराईत होती आणि नजर छताला. "पट्टा थरथरला की समोर अडथळा. नाही थरथरला की बिनधास्त चालायचं."

"आणि पट्टा चुकला तर गं?"

"तुम्ही आहात ना!" मुलगी हसली. बाईंना ते हसू मुळीच आवडलं नाही.

सगळे लांबलचक बोळात आले. इथेही अंधारच. मुलं भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि बाई चालू लागल्या. कपाटाजवळ पट्टा थरथरला. त्या थांबल्या आणि वळसा घालून पुढे गेल्या. टाळ्या पडल्या. हे जमतंय की, असं मनात येतं न येतं तोच त्यांची चाल मंदावली.

बोळाच्या टोकाला मालाच्या लिफ्टचं जाळीचं दार सताड उघडं होतं आणि आत लिफ्ट नव्हती. नुसता काळा खड्डा होता.

पट्टा गप्प होता.

बाईंनी चष्म्याआडून हळूच मागे पाहिलं. सगळ्यांची तोंडं खड्ड्याकडेच होती. एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. उलट काही जण हसत होते.

"चला ना ताई," प्राध्यापिका शांतपणे म्हणाल्या. "पुढे मोकळं आहे."

यांना कळलंय. आपलं सोंग कळलंय आणि आपण कुठवर जातो ते ही माणसं बघताहेत. इकडे आड तिकडे विहीर असं नुसतं म्हणतात. इथं विहीर खरोखरच चार पावलांवर होती. थांबलं तर नोकरी जाणार आणि चाललं तर जीव.

त्या थांबल्या.

"पट्टा थरथरला का?"

"नाही."

"मग थांबलात का?"

"जरा... भीती वाटली."

"थांबा, मीच चालून दाखवते," ती सडपातळ मुलगी म्हणाली. तिने बाईंचा पट्टा सोडवून स्वतःच्या कमरेला आवळला आणि झपाझप निघाली. थांबेल, आता थांबेल, बाई मनाशी म्हणत होत्या. मुलीने खड्ड्यावर पाऊल उचललं.

"अगं पोरी!"

बाईंनी झेप घेऊन मागून पट्टाच धरला आणि ओढला. दोघी जमिनीवर आदळल्या. मुलीची चप्पल आत पडली. चप्पल आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने, खूप खालून आला.



"लिफ्ट नाहीये तिथं! जीव गेला असता की गं!" बाईंनी चष्मा काढून फेकला. आता लपवण्यासारखं उरलं काय होतं? त्या रडू लागल्या. "मी आंधळी नाही. मला सगळं दिसतं. पोटासाठी खोटं बोलले. मला माफ करा."

मुलीचा हात बाईंचा खांदा, गळा, गाल असा शोधत वर आला आणि त्यांच्या ओल्या डोळ्यांवर थांबला. प्राध्यापिका भिंत चाचपत, एक एक पाऊल टाकत जवळ आल्या.

"दिसतं, तर मग खड्डा दिसताच बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं. "आमच्या अख्ख्या वर्गात दिसणारं एकही माणूस नाही, म्हणून तर संस्थेकडे डोळस प्रतिनिधी मागितला होता."