होता, होती, होतं

"बाबा, आई गेली," मुलगी फोनवर म्हणाली.

दुपार होती. इस्पितळात मुलगी थांबली होती आणि तो कचेरीत संगणकाच्या पडद्यासमोर बसला होता, कारण त्याच्या प्रोग्रामचा एक नियम अडला होता. येतो म्हणाला, चालू काम जतन केलं आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सगळं उरकल्यावर मुलीला घेऊन तो परत कचेरीत आला. कचेरी वर्तमानपत्राची होती. निधनवार्तांचं पान त्याच्याकडे असे, आणि ते संध्याकाळी छपाईला जायचं होतं. वृत्तसंपादक म्हणाला, तुम्ही घरी जा, मी चार ओळी लिहितो. तो नको म्हणाला. ही बातमी त्याचा प्रोग्रामच लिहिणार होता.

तो प्रोग्राम म्हणजे कचेरीतली जुनी थट्टा. मजकुरातला एक शब्द शोधायचा आणि त्याजागी दुसरा घालायचा, एवढ्याचसाठी केलेली एक भाषा संगणकात होती. तिला साधी बेरीजसुद्धा येत नव्हती. त्या भाषेत त्याने असं काही बांधलं होतं की जिवंत माणसाचा परिचय आत टाकला की निधनवार्ता बाहेर पडे. वय काढायला ती वर्षागणिक एक रेघ ओढी, दहा रेघा झाल्या की त्या पुसून फुली मारी, आणि शेवटी फुल्या आणि रेघांचा आकडा करी. नखाने विहीर खणतोय, असं लोक म्हणत. पण विहिरीला पाणी लागलं. कितीतरी पुढारी त्याने एका बटणावर 'आहेत'चे 'होते' केले. कचेरीत त्याला भूतकाळे म्हणू लागले.

खरी अडचण लिंगाची होती. 'छंद आहे', त्याचा 'छंद होता' करायचा. 'आवड आहे', तिची 'होती'. 'कर्तृत्व आहे', त्याचं 'होतं'. हे त्या भाषेला कुठून कळणार? प्रत्येक शब्द तिला सांगावा लागे.

ते काम बायकोचं. ती त्याच कचेरीत मुद्रितं तपासायची. जेवताना तो शब्द विचारी आणि ती उत्तर देई. छंद? तो. आवड? ती. कर्तृत्व? ते. वर्षानुवर्षं जेवताना त्यांचं बोलणं एवढंच झालं.

एकदा त्याने विचारलं, "संसार?"

ती म्हणाली, "होता."

"तू नुसतं तो म्हण," तो म्हणाला. "होता मी करतो."

पुढे बायकांची क्रियापदं तपासायला त्याने तिच्याकडे एखाद्या बाईचा परिचय मागितला. तिने स्वतःचाच लिहून दिला. वाच एकदा, म्हणाली. त्याने वाचला नाही. मूळ मजकूर तो कोणाचाच वाचत नसे, बाहेर काय पडतं तेवढं बघे. मग ती आजारी पडली आणि ती फाईल तशीच राहिली.

आता त्याने तीच फाईल आत टाकली. पडद्यावर रेघा उमटल्या, पुसल्या गेल्या, फुल्या झाल्या. वय बरोबर आलं. त्या मुद्रितशोधक होत्या. त्यांना वाचनाची आवड होती. एकही काना-मात्रा चुकली नव्हती. शेवटी मात्र लिहिलं होतं:

'त्यांच्या पश्चात एक मुलगी आहे. पती होता.'

तो चपापला. निधनवार्तेत सगळं भूतकाळात जातं, मागे राहिलेली माणसं तेवढी वर्तमानात राहतात. तो 'आहे' वाचवणं हा सगळ्यांत अवघड नियम होता. इथे मुलगी वाचली होती आणि पती छंदाच्या वाटेने गेला होता. तेही 'होते' नाही, 'होता'. म्हणजे आदराचा नियमही निसटला होता.

तो चूक शोधायला बसला. मुलगी बाजूच्या खुर्चीवर होती. घरी माणसं येऊन बसली आहेत, असं तिने दोनदा सांगितलं. त्याने मान हलवली.

"हाताने बदला ना बाबा," ती म्हणाली. "एकच तर शब्द आहे."

"हाताने बदलायचं होतं तर इतकी वर्षं मी काय केलं?"

"आईपण हेच विचारायची."

त्याने दुसऱ्या बायकांचे परिचय आत टाकून पाहिले. सगळ्यांचे पती 'आहेत' म्हणून शाबूत बाहेर पडले. वृत्तसंपादक दारात आला. पान थांबवलंय, म्हणाला, पण फार वेळ नाही थांबवता येणार. चूक सापडली की लगेच देतो, असं त्याने मान वर न करता सांगितलं.

मग त्याने एकेक नियम बंद करायला घेतला. छंदाचा बंद केला. आदराचा केला. पश्चातचा केला. दर वेळी बटण दाबून तो शेवटची ओळ बघे. 'होता' हलत नव्हता. वयाच्या रेघांचा नियमही त्याने बंद केला. आता एकही नियम उरला नव्हता. मजकूर जसा आत जाईल तसाच बाहेर येणार होता. त्याने बटण दाबलं.

'त्या मुद्रितशोधक आहेत. त्यांना वाचनाची आवड आहे. परिवारात एक मुलगी आहे. पती होता.'

बातमी अजून द्यायची आहे.