सुईची जागा

"बाही खाली घ्या. सुईची जागा मला दिसता कामा नये," डॉक्टर मान वळवून म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे चालताना तोल घालवणारा माझा मज्जातंतूंचा आजार, त्यावरच्या नव्या औषधाची चाचणी. निम्म्या पेशंटना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नाही म्हणे. म्हणे! बाकीच्यांचे दंड सुजतात, माझ्या दंडावर साधा लाल ठिपका नाही. नणंद घरून निघतानाच म्हणाली होती, "वहिनी, तुला पाणीच टोचतायत."

मी बाही आणखी वर सरकवली. "बघा की! लपवताय काय?"

त्यांनी चक्क डोळे मिटले. "माझ्या बहिणीलाही हाच आजार आहे. हे औषध लागू पडावं म्हणून जीव तुटतो माझा. एखाद्याचा दंड सुजलेला दिसला, की त्याची चाल मला सुधारलेलीच दिसणार. माझाच माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही, ताई."

मी बाही मनगटापर्यंत ओढली आणि जमिनीवरच्या पट्टीवरून पावलाला पाऊल लावत चालू लागले. मध्येच तोल गेला. भिंत धरून मागे पाहिलं. त्यांचं पेन कागदावर थबकलं होतं.

"पडता पडता वाचले," मी म्हणाले. "तसंच लिहा."