गावंडे-निवास

"थांबा, आत्ता नाव निघते," असं म्हणत शेखर गावंडेनं लॅपटॉपची वायर प्रोजेक्टरमध्ये खुपसली.

शहरातल्या मराठी मंडळाची वार्षिक सभा होती. समोसे येऊन गार होत होते, पण त्यांच्याकडे बघतो कोण! परवा मंडळाच्या वेबसाइटवर कुणीतरी निनावी खरडलं होतं, आणि ते आता भिंतीवर हातभर अक्षरांत झळकत होतं: 'घरी पाहुणे आले का जो बापाले आतल्या खोलीत बसवते, तो सचिव उद्या अध्यक्ष होऊन कोणाचा मान ठेवणार?'

सचिव म्हणजे शेखरच. आज त्याला अध्यक्ष करायचं जवळजवळ पक्कं झालेलं, आणि नेमका आजच हा खोडा. रागानं त्याचे कान लालभडक झाले होते. धादांत खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं हो. पण बाबा पाहुण्यांदेखत बशीत चहा ओतून फुर्रकन ओढायचे, नव्या माणसाला पहिल्याच भेटीत पगार विचारायचे, म्हणून 'तुम्ही आत आराम करा' असं म्हणावं लागायचं. त्यात काय एवढं? निदान स्वतःला तरी तो असंच समजावत आला होता.

"कोणाचं काम आहे ते मले पक्कं माहीत आहे," शेखर म्हणाला. पाहिलं मात्र त्यानं हरिदासकाकांकडे. गेल्या निवडणुकीत पडलेले हरिदासकाका म्हणजे गुढियारी मोहल्ल्यातले गावंड्यांचे जुने शेजारी, घरी येणारे-जाणारे.

काका उसळलेच. "माह्याकडे पाहून काहून बोलून राहिला बे? मी लिहिलं असतं तर खाली सही ठोकली असती!"

"मग भेता कशाले? लिहिणाऱ्याच्या घरच्या इंटरनेटचा नंबर साइटवर राहतेच. त्या नंबरावरून उलटं विचारलं, का कनेक्शन कोणाचं ते कळते. नाव नाही तर कंपनी, पारा-मोहल्ला, काही तरी निघतेच." शेखर सगळ्यांकडे वळला. "आणि ऐकून ठेवा. ज्याच्या घरचं निघन, त्यानं इथं उभं राहून माफी मागायची. वय-बिय काही पाहणार नाही मी."

"शेखर, जाऊ दे ना आता," अध्यक्ष यामिनीताई म्हणाल्या. "चहा घेऊ या."

"नाही ताई. इज्जतीचा सवाल आहे."

त्यानं नंबर टाकला, बटण दाबलं. क्षणभर भिंत कोरी राहिली. मग तिच्यावर इंग्रजी अक्षरं उमटली: गावंडे-निवास.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हे नाव त्याचं त्यानंच घातलेलं. घरून टॅक्सची कामं करायचा, पण त्याची ईमेल स्पॅम म्हणून लोकांच्या कचऱ्यात जाऊन पडायची. तेव्हा त्यानं इंटरनेटवाल्याकडून कायमचा एक नंबर घेतला, आणि त्या नंबराला नाव लावून घेतलं, हौसेनं, दारावर पितळी पाटी ठोकावी तसं. नंबर कोण लक्षात ठेवतो! त्यामुळे परवापासून स्वतःच्याच घराचा नंबर डोळ्यांसमोर असून त्याला ओळखू आला नव्हता.

"मशीनच आहे, चुकते कधी कधी," हरिदासकाका हळूच म्हणाले. "बंद कर ते. कर बंद, बेटा."

ज्याला दहा माणसांत चोर ठरवायला निघालो तोच आपली अब्रू झाकतोय, हे शेखरला कळलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बायकोकडे, क्षमाकडे पाहिलं. 'तू?' असं तोंडातून निघणारच होतं. पण क्षमा त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती मागे, दाराकडे पाहत होती.

दाराशी, चपलांच्या ढिगाजवळच्या खुर्चीवर बाबा होते. अनंतराव गावंडे, मंडळाचे आजीवन सभासद. सभेला यायचंच म्हणून सकाळपासून हट्ट धरून बसले होते, तर शेखरनंच त्यांना तिथं, सगळ्यात मागं नेऊन बसवलं होतं. उभी हयात रेल्वेत टेलिप्रिंटर बडवलेला माणूस. त्याला टाइप करता येतं, हे घरात कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

पुढच्या खुर्चीची पाठ धरून म्हातारा उठला. नवा कोशाच्या रेशमाचा सदरा खांद्यावर ढगळ झाला होता. त्यानं हात जोडले.

"मीच लिहिलं. समोर बोलाची हिंमत झाली नाही, म्हणून तसं लिहिलं. माफी मागतो सगळ्यांची." मग हरिदासकाकांकडे वळून, "तुही बी, हरिदास. माह्यापायी तुह्यावर आळ आला."

शेखरला वाटलं, धरणी फाटावी आणि आपण आत जावं. लॅपटॉप मिटायला हात पुढे गेला आणि तसाच राहिला. भिंतीवर घराचं नाव तसंच झळकत होतं.

यामिनीताई लगबगीनं उठल्या. पुढच्या ओळीतली स्वतःची खुर्ची त्यांनी ओढून दिली. "झालं काका, झालं. या, इथं पुढे येऊन बसा."

अनंतराव जागचे हलले नाहीत. जोडलेले हातही त्यांनी सोडले नाहीत.

"शेखरले विचारा, बाई," ते म्हणाले. "तो जिथं म्हणते, तिथंच बसतो मी."