वाच बरं, अर्चना

"एवढ्या डेटाचं काय लोणचं घालून राहिले हे विद्यापीठवाले?" उत्तमराव पुटपुटले.

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अर्चनानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. विद्यापीठाच्या सौंसर ग्रंथालयात ते ग्रंथपाल, ती मदतनीस. कोण कोणतं पुस्तक नेतं, कधी परत आणतं, याचे इतक्या वर्षांचे आकडे आता कम्प्युटर मांडून दाखवत होता. ज्या ग्रंथपालाला ते समजावता येणार नाहीत, त्याची बदली छिंदवाड्याच्या गोदामात. तपासायला आज विद्यापीठातून सायली मॅडम येणार होत्या.

"सर, एकदा तुम्हीच चालवून पाहा ना."

"त्या माऊसच्या मागं तूच धाव. मले ऐकू दे. वाच बरं, अर्चना."

आठवडाभर ती आलेख वाचून दाखवत होती, डावीकडून उजवीकडे, खांबामागून खांब. सर तसे हट्टीच. रॅक हलवलेला चालायचा नाही. झाडताना शिपाई दादाराव स्टूल उचलत आणि होता तिथंच ठेवत. का, ते कुणी विचारत नसे.

मॅडम आल्या, शेजारी बसल्या. सरांनी पडद्याकडे तोंड करून सुरुवात केली.

पंखा क्षणभर मंदावला, पुन्हा फिरू लागला. मॅडमनी अर्चनाकडे पाहिलं. अर्चनाचा हात माऊसवरच थांबला.

"हा उंच खांब जुलैचा. आन् हा दिवाळीनंतरचा बुटका. कम्प्युटर म्हणते, पोरी वाचत नाहीत. अवो, रामाकोना गावच्या पोरी तवा कापूस वेचून राहिल्या असतात! पुस्तक उशाशी असते. मुदत वाढवा, नाव कापू नका."

"आणि शेवटचा?" मॅडमनी हळूच विचारलं.

"संत्रा तोडणीचा. पोरं बगिच्यात." त्यांचं बोट पडद्याच्या कोपऱ्यावर नेमकं टेकलं.

मॅडमचा आवाज जरा ओला झाला. "सर, तुम्ही तयार आहात, असंच कळवते."

त्या गेल्या. सर पोरासारखे हसले. "पाहिलं? उगाच भेऊन राहिलो होतो. कर आता बंद ते."

माऊसची टिचकी ऐकू आली नाही.

"काय झालं वो?"

"सर, लाइट कवाचीच गेली."

"पंखा तर फिरून राहिला..."

"पंखा इन्व्हर्टरवर आहे. कम्प्युटर नाही." तिनं त्यांचा हात हातात घेतला. "तुमाले दिसत नाही, सर. आमाले साऱ्याइले माहीत आहे. आता मॅडमलेही."