अर्ध्या इंचाचा पाना

“बाबा, आबाजीची अमेरिकन गाडी कधी चालन तरी का?” मैत्रिणींशी लागलेल्या पैजेपायी मी आजोबांच्या गाडीचं विचारलंच. “आज इंजिनाचा बिघडलेला पंप खोलून निघाला तं चालन. नाई तं उद्या भंगारवाला नेते,” बाबा म्हणाले. मग काय, मीच तेराचा पाना घेतला. आमचे पाने मिलिमीटरचे, गाडीचे नट इंचातले. पाना सैल बसला. जोर लावताच सटकला. “इंचाचे पाने नाई का?” बाबांनी देवघराकडं पाहिलं. आईनं देवघरातून फडकं आणलं. आत आबाजींचे पाने, दर दसऱ्याला हळदकुंकू वाहून गुंडाळलेले. “त्याईची आठवण हाय, ऑइलात काऊन बुडवू?” बाबा म्हणाले. अर्ध्या इंचाचा लावला, तर गरगर फिरला. आबाजी गेल्यापासून बारा वर्षं बाबांनी तेरानंच झिजवलेल्या नटाला कोपरेच उरले नव्हते. मी पान्यावरचं कुंकू पुसलं. “बाबा, उद्या गाडी जाऊ द्या. आई, हे पाने मात्र देवघरात जात नाई. मी वापरीन.”