घरी कुणी नाही

हवालदाराचं वाक्य पुरं व्हायच्या आत लिफ्टवाला बोलून गेला, "सहाव्यावर? घरी कुणी नाही."

वाक्य तोंडपाठ होतं. विमावाला येवो की तिथल्या बाईंचा सख्खा भाऊ, सहाव्याच्या साहेबांचा हुकूम एकच. बोट जसं बटणावर जायचं तशी त्याची जीभ त्या वाक्यावर जायची.

"मग फोन काय भुतानं केला?" हवालदार म्हणाला. "बाईमाणूस रडत होतं. इमारत सांगितली, सहावा मजला म्हणाली, आणि फोन कट."

लिफ्टच्या पोकळीतून कधीकधी वरचं काय काय खाली ऐकू यायचं. तेव्हा लिफ्टवाला घरघरणारा पंखा लावायचा.

आता बोलावं. चुकलो म्हणावं.

"बघा हं, काका," सोबतची पोलीसबाई म्हणाली, "आम्हाला खोटं सांगून परत पाठवणं हासुद्धा गुन्हा आहे. आत जाल."

खरं बाहेर यावं म्हणूनच ती बोलली. पण घशाशी आलेलं खरं तिथंच बसलं. ते बोलायचं तर मघाचं खोटंही कबूल करणं आलं.

"खोटं कशाला बोलू, ताई? पहाटेच दोघं गावाला गेलेत. मीच खाली आणलं. बॅगासुद्धा मीच उचलल्या."

या बॅगा कुठून आल्या, देव जाणे.

पोलीसबाईनं जिन्याकडे पाहिलं. हवालदारानं घड्याळाकडे. "चल गं. एवढं वय झालेला माणूस कशाला खोटं बोलेल."

गाडी गेली.

घंटी. सहावा.

दुसरा मजला. त्यांचं घरातलं भांडण, आपण कोण मध्ये पडणार.

चौथा. साहेबांनी नोकरी घालवली तर.

पाचवा. काही सुचलं नाही.

बाई दारातच उभी होती. चपला हातात, डावा डोळा सुजून मिटलेला. भिंत धरत, पाय ओढत ती आत आली.

"लवकर, काका. हे अंघोळीला गेलेत." तिला धाप लागली होती. "गाडी येताना दिसली मला खिडकीतून. खाली आहेत ना ते?"

त्यानं जाळीचं दार ओढून घेतलं. मान हलली, हो म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"तुम्ही होतात म्हणून बरं," बाई म्हणाली.

त्यानं तळमजल्याचं बटण दाबलं. मग पाचव्याचं दाबलं. चौथ्याचं. मधलं एकही सोडलं नाही.

पाचव्याला लिफ्ट थांबली. त्यानं दार सरकवलं. समोर रिकामा बोळ, एक पायपुसणं.

"कोण आहे?" बाई कोपऱ्यात सरकली.

"कुणी नाही."

चौथ्यालाही त्यानं दार सरकवलं.